ढोरफोडीचं जनावर

हाडाचं बारसं होतं.

चेष्टा करत नाही. मल्लेश्वरमला सरांच्या हॉलमध्ये खरोखरचा पाळणा टांगला होता. झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, ताटात घुगऱ्या. आणि पाळण्यात, दुपट्यावर, डायनासोरच्या शेपटीचा एक मणका. मांडीचं हाड पाळण्यात मावलं नसतं, ते माझ्याहून लांब होतं. म्हणून मणका. संस्थेच्या कोठारातून तो रिक्षाने आणला होता मी. मांडीवर घेऊन.

सर म्हणजे आमच्या संस्थेतल्या जीवाश्म विभागाचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, बंगळुरात मुरलेले. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. त्या वर्षी इंग्रजी सिनेमामुळे शेंबड्या पोरालाही डायनासोर कळायला लागला होता. सरांना हुक्की आली की आपल्या जनावराचं नाव आपल्याच पद्धतीने ठेवावं, वर्तमानपत्राच्या फोटोवाल्यासमोर. लांब मानेचं, पाला खाणारं, घराएवढं जनावर. त्याला आत्या हवी. म्हणून पुण्याहून सरांची बहीण आली. नऊवारी, नथ, सगळा सरंजाम. बंगळुरातली निवडक मराठी मंडळी जमली. सगळे एकमेकांना मुलाला नोकरी कुठे लागली ते सांगत होते.

बायका पाळण्याभोवती. मी पाळण्याखाली.

मणका जड होता आणि पाळणा कुणाकडून तरी मागून आणलेला. दोरी तुटली तर हाड फुटेल, म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला खाली बसवलं. हात वर, तळवे उघडे. तसंच बसायचं. मग 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू झालं. मणका काही कुणाला उचलवेना, म्हणून त्याच्याऐवजी कुंची घातलेला वरवंटा या बाईकडून त्या बाईकडे, पाळण्याखालून आणि वरून. खालून जाताना तो माझ्या डोक्याला घासून जायचा. सगळ्या हसायच्या. कुणी म्हटलं नाही की हिला जरा बाजूला घ्या.

आत्याबाई वाकल्या आणि विचारलं, नाव काय सांगायचं रे कानात? सर म्हणाले, माधवगड. माधवगडोसॉरस.

मी पाळण्याखालून म्हटलं, "सर, पण सापडलं ते ढोरफोडीत."

 आत्याबाईंनी विचारलं, ढोरफोडी म्हणजे काय? सरांनी सांगितलं, मेलेली गुरं सोलायची जागा, हिच्या वस्तीपलीकडे आहे. आणि मग माझ्याकडे न बघता, मंडळींकडे बघत म्हणाले, "अगं, ते नाव जगभर छापायचं? निदान लोकांच्या हातात घुगऱ्या असताना तरी नको."

हशा पिकला. आत्याबाईंनी हाडावरचा हात काढून घेतला. पदराला पुसला. म्हणाल्या, "धुतलंय ना रे हे?"

"अ‍ॅसिडने धुतलंय, ताई. काही राहिलं नाही त्यात."

पुन्हा हशा. फोटोवाल्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. त्यात पाळणा आहे, आत्या आहे, सर आहेत. खाली दोन तळवे दिसतात. ते माझे.

ढोरफोडी चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीच्या पलीकडे लाल मातीचा उतार. गावात बैल मेला, म्हैस मेली, की आमच्या लोकांनी ती ओढत तिथे न्यायची आणि सोलायची. त्या कामापोटी तो उतार आमच्या घराण्याकडे आला. काय पण इनाम. धर्म बदलला त्या साली आजोबांनी सुऱ्या विहिरीत टाकल्या आणि काम बंद केलं. गावाने बहिष्कार घातला, दळण बंद केलं, मजुरी बंद केली. तरी बंद ते बंदच. वस्तीला आम्ही नवं नाव दिलं. उताराचं नाव तेवढं राहिलं.

गावातला माणूस तिकडे फिरकत नसे. नाकाला धोतर लावून लांबून जायचे. म्हणूनच ते जनावर टिकलं. दुसरीकडे कुठे असतं तर दगड म्हणून एव्हाना कुणाच्या तरी घराच्या पायात गेलं असतं. ज्यांना त्या जागेची शिसारी होती, त्यांच्या शिसारीनेच ती राखली, हे मला फार नंतर सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

मातीतून एक गोल बुंधा वर आलेला होता. आम्ही पोरं त्यावर बसून घोडा घोडा खेळायचो. नागपूरला एमएस्सी करताना सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्म हाडाचा काप पाहिला. बारीक भोकांची जाळी. आणि मला आमचा घोडा आठवला. त्याच्या तुटक्या कडेला अशीच जाळी होती. सुट्टीत गेले, कडेचा तुकडा घेऊन आले, बंगळुरात पीएचडीला लागले तेव्हा तो सरांपुढे ठेवला.

सरांनी उचललाही नाही. "गाईम्हशींचं असेल. तुमच्याकडे ती हाडं असायचीच."

असं म्हणाले आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागले. तुकडा माझ्या टेबलावर कागद दाबायला पडून राहिला. वर्ष उलटून गेलं. एकदा सर माझ्या टेबलाशी उभ्याने सही करत होते, पंख्याने कागद उडायला लागले, त्यांनी तो तुकडा दाबायला घेतला आणि हातातच धरून राहिले. वजन कळलं असेल. भिंग मागितलं. पाहिलं. मला एक शब्द बोलले नाहीत. आठवड्यात जीप निघाली.

खोदकामाचं काय सांगू. सर आणि त्यांची माणसं उतरली तीन कोसांवर, माधवगडाच्या देवळाच्या धर्मशाळेत. आमच्या वस्तीत दोन खोल्या झाडून ठेवल्या होत्या. नको म्हणाले, तिथे सोय चांगली आहे. पाणी रोज गडावरून जीपने यायचं. आमच्या रांजणाला कुणी हात लावला नाही. खणायला मात्र वस्तीतली माणसं. बाबांनी कारखान्यातून रजा काढली होती, तेही कुदळ घेऊन. शेपूट निघाली, कंबर निघाली, मांडी निघाली. पाऊस आला तेव्हा पाठीच्या मणक्यांची रांग बाबांच्या तुरीच्या तुकड्याकडे वळलेली दिसत होती. पुढे मान आणि डोकं. ते झाकून ठेवलं. पुढच्या साली बघू म्हणाले.

आता हा माधवगड. काळ्या पाषाणाचा. म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला. आमचं जनावर मेलं, गाळात पुरलं गेलं, आणि त्यानंतर लाव्हा आला. ते जनावर जगत होतं तेव्हा माधवगड नव्हताच. त्याच्या पाषाणात डायनासोर शोधणं म्हणजे तव्यात मासे शोधणं. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे. सरांना काय कळत नव्हतं? पण लेखात लिहिलं, सापडल्याची जागा माधवगड. का? तर मुक्काम तिथे होता. आणि गड म्हटलं की कसं भारदस्त वाटतं. सापडल्या जागेवरून नाव देण्याची आमच्या शास्त्रात रीत आहे, म्हणून आधी नाव ठरवलं आणि मग जागा तिथे नेऊन ठेवली. सगळी विद्या, सगळी भिंगं, सगळे परदेश दौरे. आणि विटाळापुढे एवढा माणूस भूगर्भशास्त्र विसरला.

बारशाचा फोटो छापून आला आणि दुसऱ्या एका मोठ्या माणसाच्या पोटात दुखायला लागलं. संस्थेतले डॉक्टर शिवण्णा. त्यांचं म्हणणं, पैसा कर्नाटकाचा, हाडं बंगळुरात, तर नाव कन्नड मातीतलं हवं. कावेरी. कावेरीसॉरस. तेव्हा कावेरीच्या पाण्यावरून शहरात आधीच डोकी तापलेली होती. मग काय, वर्तमानपत्रांत पत्रांवर पत्रं. मराठी की कन्नड. आमच्या उतारावरच्या जनावराने ना कावेरी पाहिली होती ना माधवगड. पण दोन्हीकडचे विद्वान असे तुटून पडले होते की जणू ते यांच्याच आजोळी वाढलं होतं.

मी तेव्हा कॉटनपेटेत सुंदराक्कांकडे भाड्याने राहायचे. शिंप्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मराठी अशी की निम्मी कन्नड. अक्का रोज पेपर वाचून मला विचारायच्या, आज कोण जिंकलं? एका संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. ढोरफोडी म्हणजे काय तेही. वाटलं, उद्या खोली सोडावी लागेल. अक्कांनी शिलाई थांबवली. म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. जनावर मेलं तिथलंच नाव घालायचं की. ह्यात भांडण्यासारखं काय आहे?"

मी कॉफी घेतली आणि वर गेले.

अर्जेंटिनाहून एक पाहुणा यायचा होता, अशा अजस्र जनावरांचा मोठा जाणकार. त्याच्यासमोर सभागृहात सगळं मांडायचं होतं. शिवण्णांनी मेख मारली होती: सरांना हाड सापडलंच नाही, ज्या मुलीला सापडलं तिनेच जागा दाखवावी. सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. सांगितलं, नकाशापाशी यायचं, माधवगडावर बोट ठेवायचं, खाली उतरायचं. बोलायचं नाही. मग टेबलावरचा माझा प्रबंध सरळ करत म्हणाले, "यावर माझी सही अजून व्हायची आहे. आणि तुमच्याच लोकांनी ते काम टाकलं ना? मग ते नाव तू कशाला उकरतेस?"

सरांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आम्ही ते टाकलंच होतं. मला रात्रंदिवस तेच खायला लागलं.

जिन्यात शिवण्णा भेटले. पाठीवर थोपटल्यासारखं करून इंग्रजीत म्हणाले, खरं काय ते सांग, घाबरू नकोस. मला क्षणभर बरं वाटलं. वेडी मी. विचारलं, मग ढोरफोडीचं नाव देणार? ते असे मागे सरकले की पायरी चुकली त्यांची. छे छे, म्हणाले, माधवगड बाद झालं की नाव मोकळं होईल, एवढंच.

त्या दिवशी मॅजेस्टिकजवळच्या एसटीडी बूथवरून गावी फोन लावला. किराणा दुकानात फोन होता, बाबांना बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता. मी विचारलं, ते नाव सगळ्यांसमोर घेऊ का? तुम्हाला राग येईल का?  बाबा म्हणाले, "आपन काम सोडलं, बाई. जागा नाई सोडली."

आणि फोन ठेवला. बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही.

सभागृह भरलं होतं. मागे पंखे, पुढे कोट. पडद्याशेजारी मोठा नकाशा. सरांनी माझी ओळख करून दिली ती अशी, की ही आमच्या मागास भागातून आलेली मुलगी, हिला आम्ही घडवलं. टाळ्या. मी वर गेले. माधवगडाला नकाशावर देवळाचं चिन्ह होतं, नाव ठळक होतं. आमच्या जागी काही नव्हतं. पांढरा कागद. मी तिथे बोट ठेवलं.

सर खालून म्हणाले, जरा वर. मी बोट हलवलं नाही. इंग्रजीत सांगितलं की हाड इथे सापडलं, माधवगड इथून तीन कोस आहे आणि तो लाव्ह्याचा आहे. आणि या जागेला नाव आहे. ढोरफोडी. मेलेली गुरं गावाने आमच्याकडून इथे सोलून घेतली म्हणून ढोरफोडी. माझ्या आजोबांनी ते काम बंद केलं. हे जनावर आमच्या जमिनीत मेलेलं आहे.

पाहुण्याने वही काढली. अक्षरं विचारली. मी एकेक सांगितलं. त्याने ते वाचून पाहिलं, दोरपोदी की असंच काहीतरी म्हणाला, आणि मान डोलावली. त्याच्या तोंडात ते नुसतं एका जागेचं नाव होतं. मला रडू आलं ते तेव्हा. अपमानाने कधी आलं नव्हतं.

सरांनी माइक घेतला. म्हणाले, मुलगी भावनाप्रधान आहे, त्या भागात नावांचा गोंधळ असतो. मला वाटलं, आता तरी शिवण्णा उठतील. शिवण्णा उठले. म्हणाले, जागेचा तपशील विभाग नंतर बघेल, आता चहाची वेळ झाली आहे.

चहाच्या वेळी व्हरांड्यात मी पाहिलं. महिनोन्‌महिने एकमेकांना वर्तमानपत्रातून ओरबाडणारे दोघे कठड्याला टेकून एक कॉफी दोघांत घेत होते. वन बाय टू.  आठवड्यात कळलं, तोडगा निघाला. माधवगडोसॉरस कावेरिएन्सिस. शेवटच्या त्या 'एन्सिस' शेपटाचा अर्थ होतो, तिथला राहणारा. कावेरीकाठचा, माधवगडावर सापडलेला. दोन खोट्यांची सोयरीक लावली आणि दोन्ही घरचे खूश. मराठी आणि कन्नड यांचं कशावर तरी एकमत झालेलं मी बंगळुरात पहिल्यांदा पाहिलं. माझ्या बापजाद्यांच्या जागेचं नाव घ्यायचं नाही, यावर.

सरांनी मला पुन्हा बोलावलं. सहीचं विचारू नकोस म्हणाले. आणि म्हणाले, "तुमच्यासारख्यांना वर आणलं की हे असं होतं."

मी म्हटलं, "सर, तुम्ही मला वर आणलं नाही. पाळण्याखाली बसवलं."

प्रबंध त्यांच्याच टेबलावर ठेवून मी निघाले. होसकोट्याला बोअरवेलच्या कंपनीत लागले. कारखान्यांना, शेतकऱ्यांना पाणी कुठे लागेल ते सांगायचं. तिथे दगडाला दगड म्हणतात, ज्या शेतात बोअर मारली त्याच शेताचं नाव लिहितात. मला तेवढं पुरे होतं.

पुढचा उन्हाळा. कंपनीच्या पत्र्याच्या ऑफिसात एक दिवस सर आले. बाहेर जीप उभी. खुर्चीवर धूळ होती, रुमालाने पुसून बसले. तोंड उतरलेलं. अर्जेंटिनाच्या पाहुण्याने छापून टाकलं होतं की लाव्ह्याच्या डोंगरात हे जनावर सापडूच शकत नाही, आणि नुसत्या शेपटी-कंबरेवर नवं नाव टिकत नाही, डोकं दाखवा. डोकं तर बाबांच्या तुरीखाली. सर गावी जाऊन आले होते. धर्मशाळेतच उतरले असणार. बाबांनी त्यांना बांधावर उभं करून सांगितलं होतं, पोरीला विचारा.

मला विचारायला आले होते. मी त्यांना पाणी दिलं. हातात घेतलं आणि तसंच ठेवलं.

फार गोड बोलले. प्रबंधावर सही करतो. लेखात नाव घालतो. आणि मग मोठा तुकडा टाकला, "मी काय म्हणतो, प्रजातीला तुझंच नाव देऊ. कायमचं. शास्त्रात असा मान कुणाला मिळतो गं?"

अशी ही माणसं. माझं नाव चालेल, मी अ‍ॅसिडने धुतलेली. माझी जागा चालणार नाही.

मी म्हटलं, "माझं नाव नको, सर. जागेचं लिहा. ढोरफोडी. पहिल्या ओळीत."

"तेवढं सोडून काहीही माग."

"मग डोकं राहू दे."

ते उठले. म्हणाले, शास्त्राचं नुकसान करते आहेस, तुला कळत नाही. माझ्यासारखीला काय कळत नाही याची यादी त्यांच्याजवळ नेहमीच तयार असते. मी जीप वळेपर्यंत दारात उभी राहिले आणि मग त्यांच्या न प्यालेल्या पाण्याचा पेला उचलून मीच प्यायले.

तर सध्या असं आहे. शेपूट त्यांच्याकडे, बंगळुरात, त्या खोट्या नावाखाली. डोकं आमच्याकडे, खऱ्या जागी. ज्याला ते हवं त्याने वस्तीत यावं, धर्मशाळेत नाही. आमच्या रांजणातलं पाणी प्यावं. चारचौघांत, हातात काहीही असो, जागेचं नाव मोठ्याने घ्यावं आणि तेच छापावं. त्याशिवाय त्या तुरीत कुणाची कुदळ पडणार नाही. बाबा म्हातारे होत चाललेत, सर त्याची वाट बघत असतील. बघू देत. बाबांनंतर ती जमीन माझ्या नावावर येणार आहे, आणि मी बाबांहून हट्टी आहे.